पडलेल्या भावात सरकारी तेल कंपन्यांचे शेअर: लाभांशासाठी कोणता, भावासाठी कोणता

क्रूड, म्हणजे कच्चं तेल, घसरलं की ओएनजीसी, ऑइल इंडिया, इंडियन ऑइल, बीपीसीएल आणि एचपीसीएल हे पाचही शेअर एकाच माळेत ओवून "लाभांश चांगला, भाव पडलाय, घेऊन टाका" असा सल्ला फिरू लागतो. तो अर्धाच बरोबर आहे. पहिल्या दोन कंपन्या प्रामुख्याने तेल आणि वायू काढून विकतात, त्यामुळे क्रूड स्वस्त झालं की त्यांची कमाई थेट घटते. उरलेल्या तिन्ही कंपन्या क्रूड विकत घेऊन शुद्ध करतात आणि पंपावर विकतात, म्हणून स्वस्त क्रूड त्यांना मानवतं. आमचं मत स्पष्ट आहे: पडझडीत उत्खनन कंपनी घ्यावी ती लाभांशासाठी आणि विपणन कंपनी घ्यावी ती भाव सावरण्यासाठी. हिशोब उलटा धरला की फसगत होते.

आधी ओएनजीसी. मुंबई हायमधून निघणारं तेल आणि उरणला येणारा वायू हा आजही या कंपनीचा कणा आहे. ती क्षेत्रं जुनी झाली आहेत, उत्पादन वाढवण्यासाठी झगडावं लागतं, म्हणून इथे झपाट्याने वाढीची अपेक्षा ठेवू नये. लाभांश मात्र बऱ्यापैकी सातत्याने येतो. २०२१-२२ साठी १०.५० रुपये, २०२२-२३ साठी ११.२५, २०२३-२४ साठी १२.२५ आणि २०२४-२५ साठी पुन्हा १२.२५. ऑगस्ट २०२४ मध्ये शेअर ३४० च्या वर होता, तेव्हा १२.२५ रुपये म्हणजे ३.६ टक्के. एप्रिल २०२५ च्या पडझडीत तो २१० च्या आसपास आला, तेव्हा त्याच लाभांशाचे ५.८ टक्के झाले. पडलेल्या भावाचा खरा फायदा हा. पण ही रक्कम कायमची धरू नका. क्रूड कोसळलं त्या कोविड काळात २०१९-२० साठी ५ रुपये आणि २०२०-२१ साठी ३.६० रुपयेच मिळाले होते. खरेदी करताना चालू लाभांश निम्मा झाला तरी हा भाव परवडतो का, हे तपासावं. २१० ला निम्मा लाभांश म्हणजे २.९ टक्के. तेवढ्यावर थांबायची तयारी असेल तरच घ्यावा.

ऑइल इंडियाचं गणित साधारण असंच आहे, फक्त तिच्या हाती नुमालीगड रिफायनरी आहे आणि तिची क्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून ९० लाख टनांवर नेण्याचं काम मोठा खर्च खातं. अशा काळात लाभांशावर ताण येऊ शकतो, म्हणून लाभांशासाठी आमची पहिली पसंती ओएनजीसीलाच.

इंडियन ऑइलचे आकडे मात्र नीट वाचावे लागतात. २०२१-२२ साठी एकूण १२.६० रुपये जाहीर झाले. पुढे १:२ बोनस आला, म्हणजे दोन शेअरमागे एक मोफत, तो धरला तर ते ८.४० होतात. २०२२-२३ साठी ३ रुपये, २०२३-२४ साठी १२ आणि २०२४-२५ साठी परत ३. मार्च २०२५ मध्ये भाव ११५ च्या आसपास होता. २०२३-२४ चे १२ रुपये धरून कुणी १० टक्क्यांचं यील्ड (भावाच्या तुलनेत लाभांशाची टक्केवारी) मनात धरलं असेल, तर त्याला २०२४-२५ साठी ३ रुपये, म्हणजे २.६ टक्के मिळाले. पण तोच शेअर पुढच्या काही महिन्यांत १४० च्या वर गेला. कमाई झाली ती भावात, लाभांशात नाही.

एचपीसीएलमध्ये हे चढउतार आणखी तीव्र असतात. एप्रिल २०२२ पासून पंपाचे भाव गोठले, क्रूड १०० डॉलरच्या वर होतं, आणि २०२२-२३ मध्ये कंपनीने ८,९७४ कोटींचा तोटा दाखवला. त्या वर्षी लाभांश शून्य. पुढच्याच वर्षी १४,६९४ कोटींचा नफा. दरमहा खर्चाला लाभांश हवा असलेल्या निवृत्त माणसासाठी हा शेअर नाही. बीपीसीएल या दोघींपेक्षा थोडी स्थिर, पण तिच्या जुन्या आकड्यांतही एक सापळा आहे: २०२०-२१ चा ७९ रुपयांचा लाभांश. नुमालीगडमधला हिस्सा ९,८७६ कोटींना विकल्यावर त्यात एकदाचा विशेष लाभांश मिसळलेला होता. पुढच्या वर्षी १६ रुपये आले. सरासरी काढताना असं वर्ष वगळावं. शिवाय २०२४ मध्ये बीपीसीएलने १:१ आणि एचपीसीएल व ऑइल इंडियाने १:२ बोनस दिला. बोनसपूर्वीचा लाभांश आणि बोनसनंतरचा भाव यांचा भागाकार केला की यील्ड फुगलेलं दिसतं. "२४५ टक्के लाभांश" या मथळ्यालाही भुलू नये. हे टक्के भावावर नव्हे, शेअरच्या दर्शनी किमतीवर असतात. ओएनजीसीची ती ५ रुपये आहे, म्हणून ते १२.२५ रुपयेच.

भाव का पडला, हे शोधल्याशिवाय खरेदी करू नये. लाभांश वजा होऊन पडला असेल तर ती स्वस्ताई नव्हे, तेवढी रक्कम खात्यात येणार आहे आणि तिच्यावर कर लागणार आहे. सरकारने हिस्सा विकायला काढल्याने पडला असेल तर धंद्याला धक्का नसतो: मार्च २०२२ च्या अखेरीस ओएनजीसीचा दीड टक्का हिस्सा किमान १५९ रुपयांना काढला, तेव्हा बाजारभाव १७१ होता. ही पडझड घेण्यासारखी. करामुळे पडला असेल तर थांबावं. १ जुलै २०२२ ला देशी क्रूडवर टनामागे २३,२५० रुपयांचा विशेष कर बसला आणि ओएनजीसी त्या एका दिवसात १३ टक्क्यांच्या आसपास कोसळला. तो कर डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण उठला. विपणन कंपन्यांत क्रूड झपाट्याने उतरल्यावर पहिल्या तिमाहीत नफा दबलेला दिसू शकतो, कारण टाक्यांतला साठा महागात घेतलेला असतो. तो तात्पुरता आहे. स्वयंपाकाच्या गॅसचा तोटा तात्पुरता मानू नये. त्यासाठी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये तिन्ही कंपन्यांना ३०,००० कोटी मंजूर केले, पण १२ हप्त्यांत. क्रूडचा भारतीय सरासरी भाव पीपीएसी या पेट्रोलियम मंत्रालयाच्या आकडेवारी कक्षाच्या संकेतस्थळावर मिळतो. खरेदीआधी तो आणि पंपाचे भाव दोन्ही बघावेत.

सरकारी कंपनीने नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या ४ टक्के, यांतलं जे जास्त तेवढा लाभांश द्यावा, असा नोव्हेंबर २०२४ चा नियम आहे. आधार म्हणून तो चांगला, हमी म्हणून अपुरा. पाचही कंपन्यांची सूत्रं शेवटी एकाच मालकाच्या हाती आहेत, म्हणून सगळ्या मिळून गुंतवणुकीच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ नये.

खरेदी तीन भागांत करावी: एक भाग आत्ता, दुसरा तिमाही निकालानंतर, तिसरा भाव आणखी ८ ते १० टक्के उतरला तरच. सकाळी सव्वानऊला बाजारभावाने ऑर्डर टाकू नये, मर्यादा घालूनच टाकावी. लाभांश हवा असेल तर नोंद तारखेच्या (ज्या दिवशीच्या भागधारकांना लाभांश मिळतो ती तारीख) किमान एक व्यवहार दिवस आधी शेअर घेतलेले असावेत. नोंद तारखेलाच घेतले तर लाभांश विकणाऱ्याला जातो. १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीला, मुंबईत बँका बंद असल्याने बाजार चालू असूनही सेटलमेंट, म्हणजे घेतलेले शेअर खात्यात जमा होणं, होत नाही. अशा दिवसांच्या आसपास दोन-तीन दिवस हाताशी ठेवावेत.

हातात किती पडतं? ओएनजीसीचे २४० ने २०० शेअर म्हणजे ४८,००० रुपये. १२.२५ प्रमाणे २,४५० रुपये लाभांश. ३० टक्के कराच्या टप्प्यात उपकरासह ७६४ रुपये जातात, उरतात १,६८६, म्हणजे साडेतीन टक्के. एका कंपनीकडून वर्षाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त लाभांश आला की १० टक्के टीडीएस कापला जातो. पॅन निष्क्रिय असेल तर २० टक्के. कर बसतच नसेल तर कंपनीच्या रजिस्ट्रारकडे स्वघोषणा मुदतीत भरावी, नाहीतर परताव्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं.

लाभांश अडकण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे डिमॅटला जोडलेलं जुनं बँक खातं. बँकांच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी कोड बदलले, आणि जुन्या कोडवर पाठवलेली रक्कम परत जाऊ शकते. डिमॅट खात्यात नवा कोड आधी नोंदवावा. सात वर्षं न घेतलेला लाभांश सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातो, आणि सलग सात वर्षं एकही लाभांश घेतला नसेल तर शेअरही तिकडेच जातात.