कोलंबस, इंडियाना: शिल्पं बघायला तिकीट नाही, फक्त चालायची तयारी ठेवा

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, इंडियानापोलिसच्या दक्षिणेला साधारण 70 किमीवर जेमतेम 50 हजार वस्तीचं हे शहर. इथल्या बिल्डिंगांबद्दल भरपूर लोकांनी लिहिलंय त्यामुळे मी त्यात पडत नाही, मी फक्त बाहेर, सगळ्यांच्या जागेत ठेवलेल्या कलेबद्दल सांगते. त्यासाठीच गेले होते आणि मन भरून परत आले.

सुरुवात लायब्ररीसमोरच्या चौकातून केली. लायब्ररी वास्तुकार आय. एम. पेईंची, 1969 ची. समोरचा विटांचा चौक नुसताच मोकळा राहू नये म्हणून पेईंनीच तिथे शिल्प सुचवलं आणि मग 1971 मध्ये शिल्पकार हेन्री मूर यांची 'लार्ज आर्च' आली. सुमारे 20 फूट उंच, हिरवट ब्राँझची, हाडासारखी गोलसर कमान. फोटोत ती मला बोजड वाटायची, पण खाली उभं राहिलं की एकदम हलकी वाटते, आणि तिच्यातून रस्त्यापलीकडच्या, वास्तुकार एलिएल सारिनेन यांच्या 1942 च्या चर्चचा उंच टॉवर दिसतो ते तर फारच सुंदर. भोवती साखळी नाही की कठडा नाही, सरळ आरपार चालत जायचं. मी अर्धा तास तिथेच बसून होते, तेवढ्यात एक छोटी मुलगी दहाबारा वेळा आतून इकडून तिकडे पळाली आणि एक आजोबा पुस्तकं काखेत धरून वर न बघता खालून निघून गेले. मला ते आजोबा सगळ्यात जास्त आवडले. शिल्प त्यांच्या रोजच्या वाटेवर आहे, त्यासाठी वेगळं 'बघायला' जावं लागत नाही, आणि माझ्या मते सार्वजनिक जागेतलं शिल्प असंच असावं.

तिथून चालत 'द कॉमन्स'ला. ही छताखालची सार्वजनिक जागा आहे, मुलांना खेळायला भरपूर जागा, आणि मधोमध शिल्पकार ज्याँ टिंग्ली यांचं 'केऑस वन' (1974). भंगारातल्या लोखंडाचं जवळजवळ 30 फुटी यंत्र, मोटरवर चालतं, काही भाग हळू फिरतात, मध्येच काहीतरी धाडकन वाजतं, गोळे रुळांवरून घरंगळतात. आमच्या धाकट्याला मूर काही कळला नाही पण हे सोडून तो हलेचना!! आधीची इमारत पाडून 2011 मध्ये नवी उभी राहिली तरी यंत्र शहराने जपलं, याचं मला खूप कौतुक वाटलं, कारण एवढी अवजड, हलती, सतत तेलपाणी लागणारी गोष्ट नको म्हणून काढून टाकणं किती सोपं होतं.

सगळ्यात खोलवर लागलं ते मात्र कोर्टाच्या आवारातलं सैनिकांचं स्मारक. 1997 चं. चुनखडीच्या दगडाचे 25 खांब, प्रत्येक 40 फूट उंच, दाटीने उभे. लांबून बघितलं तर नुसते चौकोनी खांब वाटतात. आत शिरलं की खांबांवर सैनिकांनी घरी लिहिलेली पत्रं कोरलेली दिसतात, अगदी साधी पत्रं, आणि ती वाचता वाचता बाहेरचा ट्रॅफिक ऐकू येईनासा होतो. मी दोनच पूर्ण वाचू शकले, पुढे डोळे भरून आले.

त्रास म्हणाल तर एकच, मी जे फिरण्याचं ॲप घेतलं होतं (नाव लिहीत नाही) त्यातल्या दोन पिन चुकीच्या ठिकाणी होत्या आणि उन्हात विनाकारण वळसा पडला. ॲपचा नाद सोडून विझिटर सेंटरमधून कागदी नकाशा घ्या, तिथे काचकलाकार चिहुलींचं काचेचं पिवळं झुंबरही बघून होतं.

5 पैकी 5 देते. स्मारकाला सकाळी लवकर जा, तेव्हा ऊन तिरकं पडतं आणि अक्षरं स्पष्ट वाचता येतात, दुपारी वाचायला डोळ्यांना ताण पडतो. लहान मुलं असतील तर 'केऑस' शेवटी ठेवा, नाहीतर पुढचं काहीच बघून होणार नाही.