लवंगीची पिशवी: आठ महिन्यांनंतर

आमची लवंगी गावठी कुत्री, 16 किलोची, नसबंदी झालेली. पिल्लू असताना सारखी चावायची म्हणून आईने हे नाव ठेवलं. गेल्या जूनपर्यंत कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानातून आणलेलं सुटं खाणं आणि वर आईची भाकरी, असं तिचं चालायचं. जूनमध्ये कुत्र्यांच्या कोरड्या खाण्याची 10 किलोची बंद पिशवी आणली. तेव्हापासून तीच चालू आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

पिशवीवर समोर भाजलेल्या कोंबडीचा फोटो आहे. तो सोडा, मागचं वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण ते वजन शिजवण्याआधीचं. ताज्या कोंबडीत 70 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते उडालं की यादीत पहिली असलेली कोंबडी कुठल्या कुठे घसरते. आमच्या पिशवीत पहिलं होतं चिकन मील, म्हणजे पाणी आधीच काढलेला सुका चुरा. ऐकायला कसंतरीच वाटतं, पण हिशेबाला ताज्यापेक्षा पक्कं. सुट्या खाण्याच्या पोत्यावर मात्र मका, मक्याचं ग्लुटेन, तांदूळ, तांदळाचा कोंडा असं धान्यच चार ठिकाणी लिहिलेलं. चौघांना एकत्र केलं तर कोंबडीचा नंबर कुठे लागला असता कोण जाणे.

आता आकडे. प्रोटीन 24, फॅट 10, फायबर 5, ओलावा 10 टक्के. ओलावा वजा करून बघितलं तर प्रोटीन 26.7 टक्के भरतं. आफ्को या पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेच्या हिशेबात वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला कोरड्या वजनावर किमान 18 आणि पिल्लाला 22.5 टक्के लागतं, म्हणजे इथे पास. पातळ खाण्याच्या पाऊचवर प्रोटीन 8 टक्के बघून आई म्हणाली, "पाणीच विकत्यात की गं!" खरंच आहे, त्यात 80 टक्के पाणी. पण उरलेल्या 20 मध्ये 8 म्हणजे 40 टक्के झाले. ओलं आणि कोरडं शेजारी ठेवून नुसते छापील आकडे बघितले की अशी फसगत होते.

आणि प्रोटीनचा हा आकडा तरी कसा काढतात? नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणतात. नायट्रोजन कोंबडीचा की आणखी कशाचा, हे त्या चाचणीला कळत नाही. 2007 साली अमेरिकेत कुत्र्यामांजरांच्या खाण्यात मेलामाइन, म्हणजे भरपूर नायट्रोजन असलेलं प्लास्टिकसाठीचं रसायन निघालं, ते असंच. गव्हाच्या ग्लुटेनमध्ये प्रोटीन जास्त दिसावं म्हणून ते मिसळलेलं. कितीतरी जनावरांची मूत्रपिंडं गेली.

खाल्लेलं पचतं किती, तेही पिशवीवर नसतं. ते मला रंकाळ्याकडच्या रस्त्यावर रोज सकाळी हातात कागद घेतल्यावर कळतं. सुट्या खाण्यावर दिवसातून तीनदा आणि तेही सैल. नवं खाणं आठवडाभर जुन्यात मिसळत मिसळत चालू केलं, आणि तिसऱ्या आठवड्यापासून दोनदाच, घट्ट, उचलल्यावर फरशीवर डाग नाही. पुढच्या महिन्याभरात अंगावरचा कोंडाही गेला.

सगळ्यात घोळ झाला तो किती घालायचं यात. पिशवीवरच्या तक्त्यात तिच्या वजनाला 300 ते 350 ग्रॅम. मी वाटीने घालायचे, ती शीग लावून. दसऱ्याला तिला उचलून काट्यावर उभी राहिले, माझं वजन वजा केलं, तर बाईसाहेब 17.8! डॉक्टरांनी बरगड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "लागतच नाहीत की हाताला." मग हिशेब घातला. तिला दिवसाला 900 च्या आसपास कॅलरी लागतात, आणि पिशवीवर कॅलरी कुठेच नाहीत. काढायच्या तर राखेचं, म्हणजे खाणं जाळल्यावर उरणाऱ्या खनिजांचं प्रमाण हवं, तेही नाही. कंपनीला मेल केला. 11 दिवसांनी उत्तर आलं: 9 टक्के. सगळे आकडे शंभरातून वजा केले की उरतं 42 टक्के कार्बोहायड्रेट, आणि 100 ग्रॅमला साधारण 316 कॅलरी. 280 ग्रॅममध्ये काम भागतं! तेव्हापासून वाटी बंद, स्वयंपाकघरातला काटा चालू. आज वजन 16.2.

भाकरीचा तुकडा धरूनच हा हिशेब बसवलाय, आईशी भांडण कोण घेणार. पांढऱ्या रश्श्यातलं मटण मात्र बंद. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आता फोडणीआधीच एक उकडलेला तुकडा बाजूला निघतो, मीठसुद्धा न घालता.

तक्रार जुलैची. दुसऱ्या पिशवीची शिवण एका कोपऱ्यात उसवलेली, आत खवट तेलाचा वास. इथल्या पावसात मका असलेलं खाणं ओलसर झालं की बुरशी धरते, आणि बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष कुत्र्याचं यकृत खातं. पिशवी बदलून मिळाली, पण दुकानात तीन हेलपाटे आणि वर "कुत्र्याला काय कळतंय, मॅडम?" हे ऐकून. तिला कळलं होतं, तिने तोंडच लावलं नव्हतं. आता पिशवी आहे तशी पत्र्याच्या डब्यात ठेवते, म्हणजे बॅच नंबरही हाताशी राहतो.

2,400 रुपयांची पिशवी 35 दिवस जाते, दिवसाला सत्तरच्या आत. गेल्या आठवड्यापर्यंत डोळे झाकून घ्या म्हटलं असतं. परवा नवी पिशवी आणली. फोटो तोच, किंमत तीच, प्रोटीन 24 च. मागे यादीत पहिला मका, चिकन मील दुसरं. कंपनीला मेल टाकलाय. जुन्या पिशवीतलं दोनेक किलो उरलंय, म्हणजे सात दिवस. गेल्या वेळी उत्तराला 11 लागले होते.