भिंतीवरची इलेक्ट्रिक फायरप्लेस: सात महिने वापरल्यावर

बसवली तेव्हाच लिहिणार होतो, पण म्हटलं एक अख्खा हिवाळा जाऊ दे, नवीन वस्तू पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच भारी वाटते. आता सात महिने झालेत, थंडी संपून पंखे सुरू झालेत आणि ही बया अजून भिंतीवर आहे, म्हणून लिहायला बसलो. आधीच सांगून टाकतो, आमची पन्नास इंची इलेक्ट्रिक आहे, भिंतीत न गाडता वरून टांगायची. ज्यांना खरा जाळ, लाकडाची तडतड आणि धुराचा वास हवाय त्यांनी इथेच थांबलात तरी चालेल, तो माल हा नाही.

इलेक्ट्रिकच का, तर खरं म्हणजे नाइलाजाने. लाकडाची घ्यायची तर धुराडं हवं, ते आमच्या घराला नाही आणि आता काढताही येणार नाही. गॅसची चांगली सीलबंद असते, बाहेरून हवा घेते आणि जळका वायू बाहेरच सोडते, पण त्यासाठी बाहेरच्या भिंतीतून पाइप काढावा लागतो आणि आम्हाला ती लावायची होती आतल्या भिंतीवर. मग राहिली बायोइथेनॉलची, आणि तिच्यावर मी खरंच भाळलो होतो. खरी ज्योत, धूर नाही, चिमणी नको, दिसायला एकदम झकास. पण जरा वाचल्यावर लक्षात आलं की धूर दिसत नाही म्हणजे काहीच निघत नाही असं नसतं. एक लिटर इथेनॉल जळलं की साधारण दीड किलो कार्बन डायऑक्साइड आणि ९०० ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ तयार होते, आणि ते सगळं आपण बसलोय त्याच खोलीत. म्हणजे खिडकी किलकिली ठेवायची, म्हणजे जी ऊब केली तीच बाहेर घालवायची. त्याहून मोठी भीती इंधन भरायची. इथेनॉलची ज्योत उजेडात धड दिसत नाही, विझली असं समजून गरम बर्नरमध्ये ओतायला गेलं की भडका उडतो, लोक भाजतात ते याच वेळी. आमच्या घरात मी सोडून कोणीही "अजून थोडं टाकू का" म्हणणारं आहे. तो विषय तिथेच मिटला.

इलेक्ट्रिकमध्येही प्रकार आहेत. बहुतेकांत खाली एलईडीची पट्टी, तिच्यासमोर चकचकीत पत्र्याच्या पाकळ्या लावलेला एक दांडा, आणि त्याला हळूहळू फिरवणारी छोटी मोटर. पाकळ्यांवरून उडालेला उजेड मागच्या पडद्यावर पडतो आणि आपल्याला ज्योत हलल्यासारखी दिसते. बस, एवढीच जादू. काही महागड्यांत पाण्याची बारीक वाफ सोडून तिच्यावर उजेड पाडतात, ती खरंच फसवते, पण पाणी भरत बसा आणि क्षार साचले की घासत बसा. आमची साधी दांड्याची. दिवसा उजेडात ती कोणालाही खोटी कळेल, काचेत समोरची खिडकी दिसते ते वेगळंच. अंधार पडल्यावर मात्र, आणि हे मी आधी मानलं नसतं, पाच मिनिटांनी डोकं तिला जाळ समजायला लागतं.

आता पोटातलं सांगतो. आम्ही ही हीटर म्हणून घेतली आणि वापरतो दिवा म्हणून. हे आधी कळलं असतं तर निवड बदलली नसती कदाचित, पण अपेक्षा नक्की बदलल्या असत्या.

आकड्यांत बघा ना. आमचीवर १५०० वॅट लिहिलंय, अर्ध्यावर ७५०. अशा बहुतेक यंत्रांचा आकडा हाच असतो, तुम्ही चाळीस इंची घ्या नाहीतर साठ इंची, रुंदी वाढली म्हणून ऊब वाढत नाही, फक्त ज्योत लांब होते. मला वाटलेलं मोठी घेतली की जास्त तापवेल, सपशेल चूक. ढोबळ हिशोब असा की खोलीच्या दर चौरस फुटाला दहा वॅट लागतात. आमची खोली १४ बाय १२, म्हणजे १६८ चौरस फूट, म्हणजे १६८० वॅट, म्हणजे १५०० जेमतेम. खोक्यावर छापलेलं असतं ४०० चौरस फुटांपर्यंत, ते घरात आधीच दुसरं काही गरम करणारं चालू असेल आणि ही नुसती जोडीला असेल तर.

वीज खायच्या बाबतीत हिच्यात आणि साध्या कॉइलच्या हीटरमध्ये काडीचा फरक नाही. एक युनिट वीज घातली की एक युनिट ऊब, ना जास्त ना कमी. उलट ज्यांच्याकडे गरम हवा देणारा एसी आहे त्यांना तेवढ्याच विजेत, बाहेर फारच गारठा नसेल तर, साधारण तिप्पट ऊब मिळते, कारण तो ऊब तयार करत नाही, बाहेरची ओढून आत आणतो. त्यामुळे "बिल कमी येतं" असं कोणी म्हणालं तर समजा एकतर खोली छोटी आहे किंवा हीटर बंद आहे. मी सॉकेटला मीटर लावून मोजलं: हीटर फुल असताना १४७० च्या आसपास, नुसती ज्योत असताना १४. चौदा! म्हणजे रोज चार तास ज्योत लावली तरी एक युनिट व्हायला अठरा संध्याकाळी लागतात. हे बायकोला दाखवल्यापासून ज्योत रोज चालू असते आणि मला काही बोलता येत नाही.

बसवण्याबद्दल सविस्तर लिहितो कारण खरी डोकेदुखी तिथे झाली. वस्तू निवडायला आम्ही तीन आठवडे घालवले आणि भिंतीचा विचार केला तीन मिनिटं, व्हायला हवं होतं उलटं.

आधी वीज. १५०० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर, आणि जिथे १२० व्होल्ट असतात तिथे साडेबारा, मग त्या सर्किटवर दुसरं काही दणकट लावायला जागाच उरत नाही. आमच्या भिंतीवरच्या पॉइंटवर आधीच टीव्ही, राउटर आणि एक लटकणारी एक्स्टेन्शन वायर अशी जत्रा होती. एक्स्टेन्शनवर ही अजिबात लावू नका, पुस्तिकेत ठळक अक्षरांत असतं आणि ते उगाच नसतं, तासन् तास एवढा करंट गेला की स्वस्तातली पट्टी आणि सैल पिना आधी तापतात, मग वितळतात. वायरमनला बोलावून वेगळी लाइन ओढून घेतली, वेगळा एमसीबी, अर्थिंग तपासलं. तो म्हणाला सॉकेट बरोबर फायरप्लेसच्या वर मध्यभागी काढतो, टीव्हीलाही होईल. मी हो म्हणणार होतो. नशिबाने पुस्तिका हातात होती, तिच्यात लिहिलेलं की हीटर सॉकेटच्या थेट खाली नको, गरम हवा वर जाते आणि सॉकेट भाजत राहतं. मग बाजूला काढलं. वायर थोडी दिसते, दिसू दे. यंत्राची लवचीक वायर गिलाव्याखाली गाडायची आयडिया पण निघाली होती, ती करू नका, ती वायर त्यासाठी नसते.

मग भिंत. यंत्र तेवीस किलोचं. त्याच्यासोबत आलेले प्लग आणि स्क्रू कुठल्या भिंतीसाठी आहेत हे कोणीच सांगत नाही, आमच्या मते ते कुठल्याच भिंतीसाठी नव्हते. बसवायला जो माणूस आला त्याने पाणसळ लावून खुणा केल्या, चार भोकं पाडली, तीन प्लग घट्ट बसले आणि चौथ्यात स्क्रू नुसता फिरतोय, फिरतोय, थांबेचना. भोक विटेत न पडता दोन विटांच्या सांध्यात पडलेलं, आतला मसाला भुसभुशीत. तो म्हणतो तीनवर राहतं की, काही होत नाही. मी म्हटलं खाली आईची खुर्ची असते. बरीच वादावादी झाली, शेवटी ब्रॅकेट दोन सेंटिमीटर सरकवून नवीन भोकं, आणि जाडजूड लांब फास्टनर आणून चारही बदलले. जुनी भोकं यंत्रामागे लपली म्हणून बरं. तुमची भिंत जिप्सम बोर्डची असेल तर नुसत्या बोर्डावर हिला कधीच टांगू नका, मागची लाकडी किंवा पत्र्याची उभी पट्टी शोधून तिच्यातच स्क्रू जायला हवा. टकटक करून पोकळ आवाज कुठे थांबतो ते बघा नाहीतर शोधायचं यंत्र मिळतं.

उंची. ही चूक मी करता करता वाचलो. माणूस उभा राहून "इथे छान दिसेल" म्हणतो आणि उभ्या माणसाच्या डोळ्याच्या रेषेत टांगून मोकळा होतो, फोटोफ्रेम टांगल्यासारखी. आईने हाताला धरून सोफ्यावर बसवलं आणि म्हणाली आता बघ. बसल्यावर डोळे जमिनीपासून जेमतेम सव्वातीन साडेतीन फुटांवर असतात, ज्योत त्या रेषेच्या थोडी खाली हवी, नाहीतर मान वर करून शेकोटी बघायची वेळ येते. शिवाय गरम हवा तशीही वर पळते, यंत्रच वर टांगलं तर ऊब सगळी छताला. आम्ही खोक्याचा पुठ्ठा यंत्राच्या मापाने कापून दोन दिवस चिकटपट्टीने भिंतीवर लावून ठेवला, दोनदा खाली सरकवला. याच्याइतकं उपयोगी काम अख्ख्या प्रकरणात दुसरं कुठलं झालं नाही आणि त्याला एक पैसा लागला नाही.

हवा कुठून बाहेर पडते तेही घ्यायच्या आधी बघा. आमची काचेखालून पुढच्या बाजूला फेकते, त्यामुळे वर टीव्ही असूनही टीव्हीची खालची कड हाताला फक्त कोमट लागते. काहींची वरच्या कडेने येते, तिथे टीव्ही टांगला तर मग तुमचं तुम्ही बघा. समोर तीन फूट तरी मोकळं ठेवायचं, पडदा, गादी, वाळत घातलेले कपडे काही नको. वाळत घातलेल्या कपड्यांवरून आमच्याकडे दोनदा वाजलंय.

पहिल्यांदा हीटर लावला तेव्हा जळका वास आला, घाबरलो, तो कॉइलवरच्या कोऱ्या थराचा आणि धुळीचा असतो, खिडक्या उघडून अर्धा तास चालवला की जातो. दर हिवाळ्याच्या सुरुवातीला धुळीमुळे थोडा परत येईल असं समजून चाला.

थंडीतला अनुभव बरा, भारी नाही. खोली १६ अंशांवरून २० वर यायला दार लावून एक तास दहा मिनिटं, दार उघडं असेल तर येतच नाही. थर्मोस्टॅट यंत्राच्या पोटातच असल्यामुळे त्याला स्वतःचीच ऊब लागते, २२ लावलं की खोली १९ ला असतानाच साहेब समाधानी होऊन बंद. आता आम्ही २५ लावतो आणि टेबलावरच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवतो. पंख्याचा आवाज आहे, टीव्ही चालू असेल तर कळत नाही, पुस्तक वाचत असाल तर कळतो. आणि हवा कोरडी वाटते. ही हवेतलं पाणी खात नाही, पण तीच हवा १० अंशांवरून २० वर नेली की तिची सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्म्यावर येते, ओठ फुटतात, आईला खोकला सुरू झाला. पाण्याचं भांडं ठेवून बघितलं, फार फरक नाही, मग हीटरच कमी केला. अख्ख्या हिवाळ्यात हीटर खऱ्या अर्थाने चालला असेल तो चाळीसएक दिवस. ज्योत मात्र रोज.

बारीकसारीक कटकटी बऱ्याच. वीज गेली की सगळं विसरते, परत आली की निळी ज्योत आणि फुल ब्राइट, आमची नारिंगी आणि मंद परत लावा. रिमोटचं प्रत्येक बटण पीं करून ओरडतं, हे बंद करायची सोय नाही, रात्री मूल झोपल्यावर कळतं. तापताना आणि गार होताना पत्रा टिकटिकतो, तो प्रसरणाचा आवाज, त्याची सवय होते. चौथ्या महिन्यात एकदा चालू असताना हीटर अचानक बंद पडला, ज्योत चालू. वाटलं गेली. बघतो तर हवा आत घ्यायच्या जाळीवर धुळीची गोधडी, आत जास्त तापल्यामुळे कटऑफ पडलेला. प्लग काढून, गार होऊ देऊन, व्हॅक्यूमने जाळी साफ केली, चालू. तेव्हापासून महिन्यातून एकदा करतो. भिंतीवर वरच्या बाजूला हलकी करडी छटा आलीये, काजळी नाही, गरम हवेने वर नेलेली धूळच, पुसली जाते.

शेवटची तक्रार ताजी आहे. गेल्या महिन्यापासून तो ज्योतीचा दांडा फिरताना करर्र करर्र करतो, त्याच्या टोकाची रबरी बुशी झिजलीये असं सर्व्हिसवाला फोनवर म्हणाला, पार्ट मागवलाय, कधी येईल सांगत नाहीत. तोवर उजव्या कोपऱ्यावर एक टिचकी मारली की साधारण वीस मिनिटं गप्प बसते.