काटा खाली येतो, थेंब कुठेच नाही: कूलंट प्रेशर टेस्टरचा बऱ्याच महिन्यांचा अनुभव

इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची गळती दाब भरून शोधायच्या या किटमधला सगळ्यात क्षुल्लक भाग म्हणजे पंपाची नळी आणि टाकीवरचं अडॅप्टर जोडणाऱ्या कपलिंगमधली रबरी रिंग. करंगळीच्या नखाएवढी. आज ती पुन्हा फाटली, म्हणून बरेच दिवस लिहायचं राहिलेलं आता लिहूनच टाकतो.

किट तुमच्या ओळखीचंच आहे. हातपंप, त्यावर गेज, अडॅप्टरांचा ढीग, यूव्ही टॉर्च, पिवळा चष्मा, डायची (यूव्ही उजेडात चमकणाऱ्या रंगाची) बाटली. हाच साचा वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, त्यामुळे नाव लिहीत नाही. अडॅप्टरांपैकी बहुतेक कारचे आहेत. ट्रकच्या प्लास्टिक टाकीच्या आट्यांना नेमकं एकच बसलं, बाकीचे डब्यात पडून आहेत. पैसे मात्र सगळ्यांचे गेले.

माझ्या सहा सिलिंडरच्या डिझेल ट्रकच्या टाकीतली पातळी हळूहळू खाली जायची. गाडीखाली थेंब नाही, होजपाइप कोरडे, वॉटर बॉडीच्या (कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या) खालचं भोक कोरडं, केबिनच्या हीटरला वास नाही. ऑइलच्या कांडीवर दुधाळ काही नाही. (ही शेवटची खूण पुरेशी धरू नका. गरम इंजिनात ऑइलमधलं पाणी उडून जातं आणि ग्लायकॉलचे अवशेष मागे राहतात, त्यामुळे कांडी स्वच्छ दिसूनही कूलंट ऑइलमध्ये जात असू शकतं. ऑइलचा नमुना तपासून सोडियम आणि पोटॅशियम वाढलंय का ते पाहणं जास्त भरवशाचं.) इंजिन चालू असताना टाकीत बुडबुडे यायचे. बुडबुडे पाहिले की प्रत्येक मिस्त्री एकच वाक्य बोलतो: हेड गॅस्केट गेलं, हेड उघडा. (हेड गॅस्केट म्हणजे सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील. ते फाटलं की सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसतो.) हेड उघडण्याचा खर्च आणि तेवढे दिवस गाडी उभी राहण्याचं नुकसान, याच्या तुलनेत हे किट स्वस्त, एवढ्या हिशोबावर मी ते घेतलं.

पहिल्या काही आठवड्यांत मी याला एकच तारा दिला असता. टाकीच्या टोपणावरचा आकडा १५ पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं एकक, एवढ्या दाबाला टोपणातला व्हॉल्व्ह उघडतो), म्हणून तेवढाच दाब भरला. त्याच्या वर जाऊ नका, चांगला रेडिएटर फोडून घ्याल. काटा पंधरावर उभा राहिला आणि डोळ्यांदेखत खाली यायला लागला. ब्लॉकच्या कोर प्लगपासून हीटरच्या नळ्यांपर्यंत टॉर्च फिरवली. कुठेही ओल नाही. शेवटी साबणाचं पाणी टेस्टरवरच मारलं, तर फेस आला तो कपलिंगवर. गळती शोधायचं यंत्र स्वतःच गळत होतं!

रिंग काढली तर ती फुगून मऊ पडलेली. किटच्या कागदावर ‘वापरापूर्वी वंगण लावा’ एवढीच ओळ आहे. कोणतं वंगण, ते लिहिलेलं नाही. गॅरेजमध्ये हाताला लागतं ते इंजिन ऑइल. आणि कूलंटसाठी वापरतात त्या ईपीडीएम रबराला खनिज तेल अजिबात चालत नाही, ते फुगतं आणि फाटतं. त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं. हे एक वाक्य कागदावर छापायला काय जात होतं? विक्रेत्याला कळवलं, तर उत्तर आलं की रबरी भाग वॉरंटीत येत नाहीत, अख्खं कपलिंग विकत घ्या. सुटी रिंग ते देत नाहीत. मापही सांगत नाहीत. मी कॅलिपरने माप घेऊन बाहेरून जुळती रिंग आणली. कारण पैशाचं आहे आणि तत्त्वाचंही: जो भाग झिजणार हे बनवणाऱ्याला माहीत आहे, तो सुटा मिळालाच पाहिजे.

तेव्हापासून एक नियम पाळतो. गाडीला लावायच्या आधी टेस्टर स्वतः तपासायचा. किटमध्ये टोपण तपासायचं अडॅप्टर असतं, त्याचं दुसरं टोक बंद करून दाब भरायचा आणि काटा हलतो का ते पाहायचं. हलला तर त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही.

नव्या रिंगसह पुन्हा दाब भरला. काटा पडलाच, पण खूप सावकाश. इथून माझं मत बदलायला लागलं, कारण आता काटा खरं बोलत होता. फक्त त्याचं बोलणं समजून घ्यायला वेळ लागला, आणि किटच्या कागदावर याबद्दलही अवाक्षर नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गेज दाखवतं तो टाकीत कूलंटच्या वर कोंडलेल्या हवेचा दाब. किती कूलंट गळल्यावर काटा किती पडेल, हे त्या हवेच्या जागेवर ठरतं. समजा वर एक लिटर हवा आहे आणि ५० मिली कूलंट बाहेर गेलं, तर काटा १५ वरून साधारण साडेतेरावर येईल, सहज दिसेल. तेवढंच कूलंट गेलं पण वर पाच लिटर हवा आहे, तर घट जेमतेम ०.३ पीएसआय. या गेजवर शून्य ते ३५ पर्यंतच्या खुणा आहेत, ०.३ त्यावर दिसतच नाही. म्हणजे अर्ध्या रिकाम्या टाकीवर चाचणी केली तर गळती असूनही गाडी पास होते. टाकी वरच्या खुणेपर्यंत भरूनच दाब द्या. मी पुढे गेज काढून त्याच आट्यांचं कमी पल्ल्याचं बसवलं. मूळ गेज वाईट नाही, पण टोपणांचे दाब १५ च्या आसपास असताना ३५ चा पल्ला कशाला?

दुसरी फसगत तापमानाची. इंजिन कोमट असताना दाब भरून ठेवला की ते निवताना कूलंट आकसतं. तीस लिटर कूलंट दहा अंशांनी निवलं, तर शंभर-दीडशे मिलीने कमी होतं. वरच्या हिशोबात ५० मिलीला दीड पीएसआय जात असेल, तर इथे काहीच न गळता काटा किती पडेल ते बघा. वर हवाही निवते, ती घट वेगळी. म्हणून इंजिन पूर्ण थंड हवं आणि चाचणीच्या सुरुवातीला व शेवटी तापमान सारखं हवं. रात्रभर दाब भरून ठेवून सकाळी ‘काटा पडला’ म्हणणाऱ्यांनी रात्रीचा गारवाही मोजावा. शिवाय दाब भरल्यावर रबरी होज थोडे ताणले जातात. पहिल्या काही मिनिटांची घट त्यांची असते. ती होऊ द्यायची, पुन्हा १५ करायचं आणि मग घड्याळ लावायचं.

असं सगळं सांभाळून केलं, तेव्हा एक जागा सापडली. रेडिएटरच्या खालच्या होजवर, क्लॅम्पच्या मागच्या बाजूला वाळलेली पांढरट रेघ होती. इंजिन थंड असतानाच तिथून पाझर यायचा. निवताना रबर आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, स्क्रूचा क्लॅम्प सैल पडतो. इंजिन तापलं की सगळं फुगून सांधा बंद, आणि पाझरलेलं उष्णतेने वाळून जातं. दिवसा कितीही पाहिलं तरी दिसत नाही. तिथे स्प्रिंगचा, ताण कायम ठेवणारा क्लॅम्प घातला. काटा आणखी सावकाश झाला.

पण थांबला नाही. टाकीतली पातळीही जातच राहिली.

आता टॉर्च आणि डाय. टॉर्च कमकुवत आहे, दिवसाउजेडी तिचा उपयोग नाही. अंधारात पिवळा चष्मा घालूनच काहीतरी दिसतं, चष्म्याशिवाय निळा उजेडच डोळ्यात भरतो. डाय ओतायच्या आधी नुसत्या कूलंटवर टॉर्च मारून बघा. बऱ्याच हिरव्या कूलंटमध्ये चमकणारा रंग मुळातच असतो, मग बाटली फोडायची गरजच नाही. माझं कूलंट चमकत नव्हतं, म्हणून डाय घातली. इंजिनभर टॉर्च फिरवली, ईजीआर कूलरच्या (इंजिनात परत फिरवलेला एग्झॉस्ट कूलंटने थंड करणाऱ्या भागाच्या) सांध्यांपाशी विशेष, कारण तिथली गळती एग्झॉस्टमध्ये जाऊन वाफ होते आणि खाली एक थेंब पडत नाही. काही चमकलं नाही.

मग हेड गॅस्केटची निळ्या द्रावणाची चाचणी करून पाहिली. टाकीतल्या हवेत जळालेला वायू असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने द्रावणाचा रंग बदलतो. टाकीतून भरपूर बुडबुडे येत असताना द्रावण निळंच राहिलं, आणि पुन्हा करून पाहिलं तरी निळंच. म्हणजे बुडबुडे खरे, पण सिलिंडरमधून येणारे नव्हेत. मग एवढी हवा कूलंटमध्ये ढकलतंय कोण?

एअर ब्रेकच्या ट्रकवर याचं उत्तर इंजिनाच्या अंगालाच बसलेलं असतं: ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर. त्याचं हेड इंजिनच्याच कूलंटने थंड होतं. कॉम्प्रेसर हवा भरतो आठ बारच्या आसपास आणि कूलंटचा दाब एक बार (साधारण १५ पीएसआय). दोघांमध्ये एक पातळ गॅस्केट. ते गेलं की हवा कूलंटमध्ये घुसते आणि हेड गॅस्केटसारखेच बुडबुडे येतात. खात्री करायची पद्धत सोपी आहे आणि तिला हत्यारही लागत नाही. इंजिन चालू ठेवून एकाने डॅशबोर्डवरच्या हवेच्या काट्याकडे पाहायचं, दुसऱ्याने पारदर्शक टाकीकडे. टोपण उघडायचं नाही. हवा भरत असेपर्यंत बुडबुडे येत होते. हवेच्या टाक्या भरल्या, हवेचा दाब सांभाळणाऱ्या गव्हर्नरने कॉम्प्रेसरचा भार काढला, ब्रेकची हवा सुकवणाऱ्या ड्रायरने फुस्स केलं आणि बुडबुडे थांबले. ब्रेक दाबून दाबून हवा उतरवली, कॉम्प्रेसर पुन्हा भरायला लागला, बुडबुडे पुन्हा सुरू. सिलिंडर हेडच्या गॅस्केटला ब्रेकच्या हवेशी काय देणंघेणं?

आणि कूलंट जात कुठे होतं, तेही कळलं. इंजिन बंद केल्यावर कॉम्प्रेसरच्या सिलिंडरमध्ये दाब उरत नाही, पण गरम कूलंटमध्ये दाब असतो, त्यामुळे आता उलटा प्रवास. कूलंट गॅस्केटमधून कॉम्प्रेसरमध्ये झिरपतं. इंजिन चालू केलं की ते हवेबरोबर पुढे ढकललं जातं आणि ड्रायरच्या फुसकाऱ्यातून फवारा होऊन निघून जातं. हीच किरकोळ टॉर्च रात्री ड्रायरच्या खालच्या तोंडावर मारली आणि तिथे पिवळसर हिरवी चमक होती. इंजिनापासून इतक्या लांब कूलंटची गळती शोधायला कोण जातो!

हेड उघडायला निघालेल्या मिस्त्रीला तरीही पटेना. म्हणून कॉम्प्रेसरच्या कूलंटच्या दोन्ही नळ्या काढून एकमेकींना जोडल्या, म्हणजे कॉम्प्रेसर मंडलातून बाहेर, आणि थंड इंजिनावर दाब भरला. काटा पंधरावर उभाच राहिला. (हे फक्त बंद इंजिनावर. कॉम्प्रेसर कूलंटविना चालवायचा नाही.) या एका चाचणीसाठी मला किटचे सगळे पैसे वसूल वाटतात. कॉम्प्रेसरचं हेड उघडल्यावर गॅस्केटवर कूलंटच्या वाटेपासून सिलिंडरपर्यंत काळी रेघ दिसली. पृष्ठभाग पट्टी लावून तपासला, सरळ होता. गॅस्केट बदललं. ड्रायरचं कार्ट्रिजही बदलावं लागलं, कारण कूलंटने भिजलेला शोषक हवा सुकवत नाही, आणि ब्रेकच्या हवेत ओल जाणं ही कूलंट कमी होण्यापेक्षा कितीतरी गंभीर गोष्ट आहे. एअर टाक्यांचे ड्रेन उघडून सगळं काढलं. ज्यांच्या ड्रेनमधून रंगीत, गोडसर वासाचं पाणी येतंय त्यांनी आजच कॉम्प्रेसर बघा. ते पाणी भांड्यात धरून नीट टाका. इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि गोड चवीमुळे कुत्री ते चाटतात.

त्यानंतरच्या महिन्यांत टाकीतली पातळी खुणेवर आहे. किटचा वापर आता टोपणं तपासायला जास्त होतो, आणि हे काम ते फार छान करतं. १५ लिहिलेलं जुनं टोपण ११ वरच उघडत होतं. दाब पडला की कूलंटचा उत्कलनबिंदू घसरतो, दर पीएसआयला सुमारे दीड अंश, आणि चढणीवर टाकीतून फेकाफेक सुरू होते. तेही बदललं.

आजची फाटलेली रिंग सिलिकॉन ग्रीस लावलेली होती, म्हणजे दोष नुसता तेलाचा नाही. कपलिंगच्या आतली धातूची कड धारदार आहे, दर जोडणीला रिंग तिच्यावर घासते. बारीक पॉलिश पेपरने ती कड गोल केली आणि नवी रिंग घातली. विक्रेत्याला कडेचा फोटो पाठवलाय, अजून उत्तर नाही. नवीन घेणाऱ्यांनी कपलिंग उघडून त्या कडेवर नख फिरवून पाहावं, अडकलं तर तिथेच परत करावं.