बुरशीची पुडी टाकली, शिसं आहे तिथंच

पाचपैकी दोन तारे. तेही बुरशीकडे बघून, कंपनीकडे बघून नव्हे.

मे महिन्यात घराच्या जुन्या खिडक्या खरवडून घेतल्या. सासऱ्यांच्या वेळचा ऑइलपेंट, खपल्या पडल्या त्या थेट परसातल्या अळूवर. जुन्या रंगात शिसं असायचं, शंका आली म्हणून माती तपासली, तर ते निघालंच. मग ऑनलाइन ही किलोची पुडी मागवली. वर छापलंय, ‘जड धातू मातीतून नाहीसे करते’.

मी जन्मभर बारावीला केमिस्ट्री शिकवली. शिसं हे मूलद्रव्य, नाहीसं होऊन जाणार कुठं?

आत आहेत ॲस्परजिलस नायजर (कांद्याच्या सालीवर काळी बुरशी दिसते ना, तीच), रॉक फॉस्फेट (स्फुरद असलेल्या खडकाची पूड) आणि मायकोरायझा (मुळांशी जोडी जमवून त्यांना स्फुरद पोचवणारी बुरशी). पहिली जोडी खरंच हुशारीची. बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडते (अळूची खाज याच घराण्यातली), त्यात फॉस्फेट विरघळतं आणि स्फुरद, क्लोराइड, शिसं मिळून पायरोमॉर्फाइट हे खनिज तयार होतं. ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही. म्हणजे शिसं कुलपात. बुरशी शिशाचं पायरोमॉर्फाइट करू शकते, हे स्कॉटलंडमध्ये डंडी विद्यापीठातल्या जेफ्री गॅड आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दुसऱ्या बुरश्यांवर दाखवून दिलं. आमच्या चुनखडीच्या काळ्या मातीत नुसतं रॉक फॉस्फेट ढिम्म हलत नाही, त्यामुळे आम्ल सोडणारं कुणीतरी लागतंच.

मायकोरायझा मात्र उगाच भरती. स्फुरद आयतं मिळायला लागलं की मुळं तिला विचारत नाहीत.

चार महिन्यांनी परत तपासणी केली. आकडा जवळजवळ तोच. कस्टमर केअरचा मुलगा म्हणतो, “मॅडम, अजून दोन पुड्या टाका.” अरे बाबा, लॅबवाले माती कडक आम्लात उकळून एकूण शिसं मोजतात, त्यात कुलपातलंही आलंच! गुण आला का हे बघायचं तर पाण्याबरोबर किती शिसं सुटतं ते मोजायला हवं. ती तपासणी पुडीच्या कितीतरी पट महाग, म्हणून मी केली नाही. पण पुडीवर एवढं तरी लिहायचं!

आणखी दोन गोष्टी छापायच्या राहिल्यात. पुडी फोडताना काळी भुकटी उडते, नाकातोंडाला मास्क लावा. आणि मातीत आर्सेनिक असेल तर ही टाकूच नका, फॉस्फेटमुळे ते उलट मोकळं होतं.

अळू उपटून टाकलं. तिथं आता मांडवावर दोडका आहे, खाली पाचटाचं आच्छादन, म्हणजे धूळ उडायला नको. पालेभाजी कुंड्यांत, बाहेरून आणलेल्या मातीत.