आठ महिन्यांचा इंग्रजी सराव: कार्डं, जळवा आणि 'नो सूनर'

माझं इंग्रजी कुठे अडत नव्हतं, पण पुढेही सरकत नव्हतं. ईमेल जायच्या, अहवाल लिहून व्हायचे, मीटिंगमध्ये बोलणं निभायचं. मग एका अहवालाचा मसुदा वरिष्ठांकडून परत आला. व्याकरणाची ढोबळ चूक एकही नव्हती, तरी समासात सतरा ठिकाणी एकच शेरा: 'असं म्हणत नाहीत'. चूक दाखवली असती तर दुरुस्त केली असती. 'असं म्हणत नाहीत' याचं करायचं काय? तिथून हा उद्योग सुरू झाला. रोज सकाळी अर्धा-पाऊण तास, मध्ये तीन आठवड्यांचा खंड, असे आठ महिने झाले.

साधनं साधीच. अंकी हे पाठांतराच्या कार्डांचं सॉफ्टवेअर, वरच्या पातळीच्या व्याकरणाचं एक सरावपुस्तक, केंब्रिजच्या सी वन या प्रगत पातळीच्या परीक्षेच्या नमुना प्रश्नपत्रिका, आणि शंका आली की कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजी मजकुराचा शोधता येणारा मोठा साठा. परीक्षा द्यायची नव्हती, अजूनही द्यायची नाही. तरी प्रश्नपत्रिका का, ते पुढे येईलच.

पहिले दोन महिने वाया गेले, ते माझ्याच हौसेने. कोणीतरी तयार करून ठेवलेला 'प्रगत शब्दां'चा भलामोठा गठ्ठा उतरवून घेतला. पुढच्या बाजूला शब्द, मागे एका ओळीत अर्थ. 'पल्क्रिट्यूड', 'ऑबस्ट्रेपरस', 'डिलेटरी' अशी मंडळी. अंकी मुळात रोज वीस नवी कार्डं देतं; मी हावरटासारखी चाळीस केली. महिन्याभरात शब्द तोंडपाठ झाले आणि एकही कामाला आला नाही. 'प्लेथोरा' तेवढा वापरला, अर्थ पाठ केला होता 'विपुलता'. 'टीमकडून आम्हाला प्लेथोरा ऑफ सपोर्ट मिळाला' असं इंग्रजीत लिहून मोकळी झाले. सहकाऱ्याने विचारलं, मदत नको इतकी झाली का? 'प्लेथोरा'नंतर सहसा अनेकवचन येतं, 'ऑप्शन्स', 'रूल्स' असं काही, आणि पुष्कळदा त्यात 'जरा अतीच' अशी छटा असते. कार्डाच्या मागे ही छटा कुठून असणार?

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५मध्ये विसरण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो स्वतःवरच प्रयोग करून. पाठ करायला त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरगट घेतले होते, म्हणजे आधीच्या ओळखीचा फायदा मिळू नये. ठराविक अंतराने उजळणी करण्याची जी सगळी पद्धत आज कार्डांमागे आहे, तिचं मूळ तिथवर जातं. मी मात्र उलटा पराक्रम करत होते. चांगल्या अर्थपूर्ण शब्दांना संदर्भ काढून निरर्थक अक्षरगट करून टाकलं होतं.

गठ्ठा पुसला. त्या दिवशी फार हलकं वाटलं.

मग कोणते शब्द घ्यायचे? इथे एव्हरिल कॉक्सहेड यांची २०००मध्ये आलेली ॲकॅडमिक वर्ड लिस्ट उपयोगी पडली. त्यात ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) आहेत आणि अभ्यासविषयक लेखनातला जवळजवळ दहावा हिस्सा त्यांनी व्यापलेला असतो. यादी पाहून पहिली प्रतिक्रिया होती, हे तर सगळं येतंच की. 'अझ्यूम', 'डिराइव्ह', 'कॉन्स्टिट्यूट', 'इम्प्लाय', 'सबसीक्वंट'. यात अवघड ते काय? पण प्रत्येकाचं एक वाक्य लिहायला बसले आणि घाम फुटला. 'कॉन्स्टिट्यूट' वाचताना कळतो. माझ्या हातून तो आयुष्यात एकदाही लिहिला गेलेला नव्हता. 'कम्प्राइझ' मी बिनदिक्कत 'ऑफ' जोडून लिहीत होते, तो 'कन्सिस्ट'चा 'ऑफ'. वाचता येणारे शब्द आणि लिहिता येणारे शब्द यांच्यातली दरी केवढी आहे, ते त्या आठवड्यात कळलं. वरच्या पातळीची खरी शब्दसंपत्ती मला तरी या दरीतच सापडली, दुर्मीळ शब्दांच्या संग्रहालयात नाही.

तेव्हापासून कार्ड म्हणजे वाक्य. वाक्यातला एक तुकडा झाकायचा आणि आपण भरायचा. अंकीत याला 'क्लोज' म्हणतात. आणि झाकायचा तो शब्द नव्हे, त्याचा सोबती. 'थ्रेट' उघडा ठेवायचा, 'पोझ' झाकायचा. 'डेडलाइन' दिसतेय, 'मीट' आठवायचं. 'ऑब्जेक्शन'पुढचं 'रेझ'. हे सुचलं ते मराठीवरून. पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा, थंडी कडाक्याची, काळोख मिट्ट. मुसळधार थंडी पडली असं लहान मूलही म्हणणार नाही, आणि का म्हणायचं नाही याचा नियम मोठ्यालाही सांगता येणार नाही. इंग्रजीतही पाऊस 'हेवी' आणि वारा 'स्ट्राँग', अदलाबदल चालत नाही. समासातला शेरा मला तेव्हा उलगडला.

याहून बारीक गोष्ट कॉर्पसमुळे कळली. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे दहा कोटी शब्दांचा मजकूर आहे, अमेरिकन इंग्रजीच्या 'कोका'मध्ये शंभर कोटींहून अधिक. शब्द टाकला की त्याच्या अलीकडचं-पलीकडचं दिसतं, ओळीखाली ओळ. 'कॉज' हे क्रियापद टाकून पाहा. 'डॅमेज', 'प्रॉब्लेम्स', 'डेथ', 'कन्सर्न'; नुसती दुःखाची रांग. म्हणून 'द न्यू सिस्टिम कॉज्ड इम्प्रूव्हमेंट' वाचताना इंग्रजी कानाला खडा लागतो. आपल्याकडचं 'पायी' आठवलं. जुगारापायी घर जातं, हट्टापायी माणूस जातो. अभ्यासापायी कोणी पहिला येत नाही. शब्दकोशात 'पायी'चा अर्थ 'मुळे' असा मिळेल आणि तो चूकही नाही. कॉर्पस वापरायला सुरुवातीला किचकट वाटतं, पण आठ महिन्यांत एका साधनाने सर्वांत जास्त शिकवलं असेल तर यानेच.

आता व्याकरण. सरावपुस्तक धडा पहिला, धडा दुसरा असं करायला गेले आणि पाचव्या धड्याला कंटाळले. धड्याच्या माथ्यावर 'मिश्र कंडिशनल' (जर-तरच्या वाक्यांचा एक प्रकार) लिहिलेलं असलं की खालची वीस उत्तरं मिश्र कंडिशनलच असणार. डोकं लागतच नाही. त्याऐवजी प्रश्नपत्रिका घेतल्या. सी वनच्या वाचन आणि 'यूज ऑफ इंग्लिश'च्या पेपरात ९० मिनिटांत ५६ प्रश्न असतात. त्यातला वाक्य बदलण्याचा भाग, म्हणजे 'की वर्ड ट्रान्सफॉर्मेशन', हा मला सोन्याची खाण वाटला. एक वाक्य देतात, एक शब्द देतात; तो शब्द जराही न बदलता तीन ते सहा शब्दांत दुसरं वाक्य पुरं करायचं, अर्थ तोच राहिला पाहिजे. कोणता नियम लागतो ते कोणी सांगत नाही.

याच भागात 'नो सूनर'ने मला छळलं. 'ॲज सून ॲज शी सॅट डाउन, द फोन रँग' हे 'सूनर' घालून फिरवायचं: 'नो सूनर हॅड शी सॅट डाउन दॅन द फोन रँग'. क्रियापद कर्त्याच्या आधी का उडी मारतं, मधेच 'हॅड' कुठून येतो, शेवटी 'दॅन' कशाला? नियम दहा वेळा वाचला. मग एकदा सहज मराठीत म्हणून पाहिलं: ती बसते न बसते तोच फोन वाजला. अरे, हे तर आपलंच! 'बसते न बसते'मधला 'न' जसा नकार राहत नाही तसाच 'नो', आणि 'तोच' जसा दुसऱ्या घटनेची कडी वाजवतो तसा 'दॅन'. शब्दाला शब्द जुळत नाही, पण वाक्याचा झटका तोच. त्यानंतर ही रचना लिहिताना मी चुकले नाही. 'हार्डली'ची गोष्ट वेगळी, त्याच्यामागे 'व्हेन' लागतं.

मराठीची मदत होते तशी अडचणही होते, आणि माझ्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच निघालं. आपण विषयावर चर्चा करतो, मुद्द्यावर भर देतो. म्हणून माझ्या 'डिस्कस'ला 'अबाउट'चं शेपूट आणि 'एम्फसाइझ'ला 'ऑन'चं. गंमत अशी की नाम केलं की ती शेपटं बरोबर ठरतात: 'डिस्कशन अबाउट', 'एम्फसिस ऑन'. आपल्याकडे पुरावे दोन असतात, सल्ले चार असतात. इंग्रजीत 'इव्हिडन्स' आणि 'ॲडव्हाइस' मोजता येत नाहीत. 'मी इथे तीन वर्षांपासून काम करते' यात आपला वर्तमानकाळ सुखाने नांदतो, तिथे 'हॅव बीन वर्किंग' लागतं. 'आम्ही तिथे बसायचो' आणि 'माझ्याकडे सायकल असायची', दोन्हींना आपलं एकच रूप पुरतं. इंग्रजीत बसण्याला 'वुड' चालतं, सायकल असण्याला 'यूज्ड टू'च हवं. हे एकेक कळत गेलं तसं चुकांची वही घातली. डावीकडे माझं वाक्य, उजवीकडे दुरुस्त, खाली ते मराठीतून कसं आलं त्याची एक ओळ. कार्डं आता या वहीतूनच बनतात.

'अ' आणि 'द' मात्र अजूनही अंधारात चाचपडणं आहे. पहिल्यांदा उल्लेख आला की 'अ', नंतर 'द', हा शाळेतला नियम वरच्या पातळीवर फार लवकर दम तोडतो. 'नॉलेज' मोजता येत नाही, तरी 'अ गुड नॉलेज ऑफ' बरोबर, हे मी पाठ केलंय. पटलेलं नाही.

दुरुस्तीसाठी चॅटबॉटही वापरला. आधी परिच्छेद द्यायचे आणि 'सुधारून दे' म्हणायचे. गुळगुळीत मजकूर परत यायचा, वाचून बरं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच चुका करायचे. नंतर एकच अट घातली: चूक कोणत्या ओळीत आहे तेवढं सांग, दुरुस्त करू नको. तेव्हापासून उपयोग आहे. तरी अधूनमधून तो बरोबर वाक्यालाही चूक म्हणतो, अशा वेळी कॉर्पस हेच न्यायालय.

अंकीबद्दल थोडं आणखी. ना बक्षिसं ना टाळ्या, दिसायला सरकारी फॉर्मसारखं. मला तेच आवडलं. २०२३च्या अखेरीस त्यात 'एफएसआरएस' हे उजळणीचं नवं गणित आलं. त्यात किती टक्के लक्षात राहायला हवं ते आपण ठरवतो, मुळातला आकडा ९० असतो. मी शहाणपणाने ९५ केला आणि रोजच्या कार्डांचा ढीग बघून चौथ्या दिवशी गुपचूप ९०वर आले. तीन आठवड्यांच्या खंडानंतर तर चारशेच्या वर कार्डं वाट बघत होती. सगळी एका बैठकीत संपवायचा हट्ट करू नका. रोज पन्नासची मर्यादा घातली आणि दहाएक दिवसांत पाणी ओसरलं.

परत परत चुकणाऱ्या कार्डावर अंकी 'लीच' असा शिक्का मारतं, म्हणजे जळू. मूळ सेटिंगमध्ये आठ चुकांनंतर. माझी पहिली जळू 'डिस्क्रीट'. देवनागरीत तर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, इंग्रजीत उच्चारही एकच, फक्त स्पेलिंग वेगळं: एक म्हणजे तोलूनमापून बोलणारा, दुसरा म्हणजे सुटासुटा. शेवटी खूण सापडली. सुट्या अर्थाच्या शब्दात शेवटच्या दोन 'ई' 'टी'ने सुट्या केलेल्या असतात. 'मिटिगेट' आणि 'मिलिटेट' ही दुसरी जोडी. 'अगेन्स्ट' फक्त 'मिलिटेट'ला लागतं, हे मला कळतं. बोटांना कळत नाही.

फरक पडला का? लिहिण्यात पडला. गेल्या अहवालात 'असं म्हणत नाहीत' चार ठिकाणी होतं, त्यातले तीन 'द'चे. बोलण्यात फारसा नाही. उलट्या रचना बोलताना तोंडात येत नाहीत आणि आल्या तर कृत्रिम वाटतील. ऐकण्यासाठी या पद्धतीत काहीच नाही, त्याची सोय वेगळी करावी लागेल. ज्यांना अजून साधी वाक्यं जुळवताना विचार करावा लागतो त्यांनी एवढ्यात इकडे वळू नये, आणि परीक्षा तोंडावर असेल तर वही-कार्डांच्या नादी न लागता सरळ पेपर सोडवावेत.

आज सकाळी सत्तावीस कार्डं होती. एकविसावं 'हार्डली'चं. मी आत्मविश्वासाने 'दॅन' म्हटलं. 'अगेन'चं बटण दाबलं, सातवी चूक.