आयट्यून्स सोडताना: म्युझिकबी घ्यावं की फूबार२०००?

कोल्हापूर हे जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांचं आणि १८८३ साली सुरू झालेल्या देवल क्लब या संगीतसंस्थेचं गाव. इथल्या रसिकाच्या कॉम्प्युटरवर ख्याल, नाट्यगीतं, भावगीतं सगळं एकत्र नांदत असतं. काही सीडीवरून घेतलेलं, काही कॅसेटवरून उतरवलेलं. हा साठा आजवर विंडोजवरच्या आयट्यून्समध्ये, म्हणजे ॲपलच्या संगीत-सॉफ्टवेअरमध्ये, लावला असेल आणि आता मुक्काम हलवायचा असेल, तर गाणी लावून ठेवण्या-वाजवण्याच्या सॉफ्टवेअरचे फुकट मिळणारे दोन पर्याय मला खरोखर कामाचे वाटतात: म्युझिकबी आणि फूबार२०००.

गाण्याचं नाव, गायक, अल्बम ही माहिती फाइलच्या आत टॅगमध्ये असते, त्यामुळे ती फाइलबरोबर कुठेही जाते. तुम्ही गाण्याला दिलेले पसंतीचे तारे, गाणं किती वेळा ऐकलं तो आकडा आणि प्लेलिस्ट मात्र आयट्यून्स स्वतःच्या लायब्ररीत ठेवतं. नुसत्या फाइली कॉपी केल्या की हे सगळं मागे राहतं.

इथे म्युझिकबी सरस आहे. त्यात आयट्यून्समधून लायब्ररी आणण्याची थेट सोय आहे. आयट्यून्सच्या सेटिंगमध्ये लायब्ररीची एक्सएमएल फाइल इतर सॉफ्टवेअरना देण्याचा पर्याय आधी चालू करा. त्या फाइलमध्ये प्रत्येक गाण्याचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, म्हणून आयात पुरी होईपर्यंत फोल्डर हलवू नका, त्याचं नावही बदलू नका. फूबारमध्ये न्यायच्या प्लेलिस्ट आयट्यून्समधून एकेक करून एमथ्रीयूएट (.m3u8) या यादीच्या प्रकारात काढाव्या लागतात. साधा एमथ्रीयू नको, कारण देवनागरी नावं त्यात बिघडू शकतात. तारे आणि आकडे ठेवण्यासाठी फूबारला प्लेबॅक स्टॅटिस्टिक्स हा वेगळा कंपोनंट, म्हणजे वरून जोडायचा भाग, लागतो.

शास्त्रीय संगीताचा प्रश्न वेगळा आहे आणि माझ्या मते निवड त्यावरच करावी. आयट्यून्समध्ये रागासाठी स्वतंत्र रकाना नाही. त्यामुळे एका फाइलचं शीर्षकच ‘बसंती केदार – विलंबित’ असं असतं, दुसरीत राग कॉमेंटमध्ये, तिसरीत ग्रुपिंग नावाच्या रकान्यात. गायकांचंही तसंच: ‘मल्लिकार्जुन मन्सूर’, ‘पं. मल्लिकार्जुन मन्सूर’ आणि ‘एम. मन्सूर’ हे सॉफ्टवेअरच्या लेखी तीन गवई. फूबारमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन राग, ताल, साथीदार असे हवे तेवढे रकाने जोडता येतात आणि पुढे त्यांवर शोधताही येतं. म्युझिकबीतही स्वतःचे रकाने करता येतात, पण ते आधी सेटिंगमध्ये ठरवावे लागतात. जयपूर घराण्यातले अनवट (क्वचित गायले जाणारे) राग आणि जोडराग (दोन राग मिळून झालेले) ज्यांना रागवार लावायचे आहेत, त्यांना फूबारचा मोकळेपणा फार उपयोगी पडतो. रकान्याचं नाव रोमन लिपीत ठेवा, आतला मजकूर देवनागरीत. म्हणजे पुन्हा सॉफ्टवेअर बदललं तरी अडचण कमी येते.

ही साफसफाई मात्र दोन्हींच्या बाहेर, एमपीथ्रीटॅग या टॅग दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये करावी. शेकडो फाइली एकदम निवडून ग्रुपिंगमधला राग नव्या रकान्यात नेता येतो आणि गायकाचं नाव एकसारखं करता येतं. अनेक गायकांची एकच सीडी असेल, तर सगळ्या फाइलींत अल्बम आर्टिस्ट एकच भरा, नाहीतर त्या सीडीचे आठ तुकडे दिसतात. एमपीथ्री फाइलींचे टॅग आयडीथ्री या टॅग-पद्धतीच्या आवृत्ती २.३ मध्ये लिहा. जुन्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला जेमतेम ३० अक्षरांची जागा आणि देवनागरी तर बसतच नाही.

फोल्डर लावण्याबद्दल थोडक्यात: म्युझिकबी टॅग पाहून फाइली आपोआप योग्य फोल्डरमध्ये टाकू शकतं. फूबार तुम्ही सांगितल्याशिवाय एकही फाइल हलवत नाही. ज्यांनी हाताने ‘घराणं – गायक – मैफल’ अशी रचना केली आहे, त्यांनी म्युझिकबीतली ती सोय बंदच ठेवावी.

दिसायला म्युझिकबी देखणं आहे. अल्बमची चित्रं समोर येतात, आयट्यून्सची सवय असलेल्याला ते लगेच जमतं. फूबार सुरुवातीला कोरडं वाटतं आणि आपल्याला हवं तसं मांडायला वेळ द्यावा लागतो, पण जुन्या, कमी ताकदीच्या कॉम्प्युटरवरही ते सुरेख पळतं. म्युझिकबी फक्त विंडोजवर चालतं. फूबार मॅकवर आणि मोबाइलवरही आहे.

तेव्हा घरात बहुतेक भावगीतं, चित्रपटगीतं असतील आणि वर्षांचे तारे, प्लेलिस्ट जपायच्या असतील, तर म्युझिकबी घ्या. ख्यालाचा साठा मोठा असेल आणि राग, ताल, साथ हीच तुमची खरी यादी असेल, तर फूबार. मी स्वतः फूबारकडे झुकतो. दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर, त्याच फोल्डरवर सुखाने राहतात. फक्त आधी दुसऱ्या हार्डडिस्कवर पूर्ण प्रत घ्या आणि पहिला प्रयोग एकाच गायकाच्या फोल्डरवर करा.

कॅसेटवरून उतरवलेल्या डब्ल्यूएव्ही फाइली असतील, तर त्या फूबारच्या कन्व्हर्टरमधून फ्लॅक या फाइल-प्रकारात करून घ्या. त्यासाठी फूबारचा मोफत एन्कोडर पॅक बसवावा लागतो. आवाजात काही कमी होत नाही, जागा कमी लागते, आणि डब्ल्यूएव्हीमध्ये नीट न टिकणारे टॅग फ्लॅकमध्ये देवनागरीसकट टिकतात. आयट्यून्स मात्र फ्लॅक वाजवत नाही, म्हणून हे काम स्थलांतर पुरं झाल्यावरच करा.